विहिरीवरची टाकी भरली की घरात दिवा: बिनतारी निरोप्या असा जोडा

ज्यांचं घर गावात आणि विहीर रानात, त्यांना खानापूर तालुक्यात एक वाक्य लहानपणापासून पाठ असतं: "टाकी भरली काय बघून ये जा." थ्री फेज रात्री आली तर हातात बॅटरी घेऊन चिखल तुडवत जायचं. गेल्या पावसाळ्यात आत्या म्हणाली, "एवढं शिकलास की, मग एक दिवा लागंल असं कर की घरात." तो दिवा आता लागतो. कसा, ते सांगतो.

यात मोबाईल, सिमकार्ड, इंटरनेट काही नाही. लागतात दोन छोटे रेडिओ: एक टाकीपाशी, एक घरात. मी वापरली ती नॉर्डिक सेमीकंडक्टर या नॉर्वेच्या कंपनीची एनआरएफ२४एल०१ प्लस चिप. वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ती बोलते, आणि हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो. एका वेळी जास्तीत जास्त ३२ बाइट जातात. फोटो पाठवायला हे काहीच नाही, पण 'भरली' किंवा 'रिकामी' कळवायला चिक्कार.

दुकानात नुसती चिप मागू नका, आठ पिनांचं तयार मॉड्यूल मागा. बाजारात नकला भरपूर आहेत. शेवटचं 'प्लस' महत्त्वाचं, कारण २५० किलोबिट हा सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात लांब पोचणारा वेग त्यातच मिळतो. रेडिओला हुकूम द्यायला दोन्हीकडे अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारी छोटी पाटी, लागते: टाकीपाशी ३.३ व्होल्टचा प्रो मिनी, घरात साधा नॅनो. शिवाय दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे), एक लिथियम आयर्न फॉस्फेट सेल (१८६५० मापाचा, साधारण १५०० मिलिअँपिअर-तास) आणि काही कपॅसिटर.

आता जोडणी. मॉड्यूलची घड्याळाची (एससीके) तार अर्डुइनोच्या पिन १३ वर, मोसी ११ वर, मिसो १२ वर, सीएसएन १० वर, सीई ९ वर. आठवी, आयआरक्यू, मोकळी सोडा. डेटाच्या पिना ५ व्होल्ट सोसतात, पण वीज घेणारी पिन ३.६ व्होल्टच्या वर गेली की मॉड्यूल गेलंच. म्हणून घरातल्या नॅनोकडे ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज बांधून ठेवणारा भाग) लावा, नॅनोच्या स्वतःच्या ३.३ पिनेवर विसंबू नका. टाकीकडे सेल थेट प्रो मिनीच्या व्हीसीसी या वीज घेणाऱ्या पिनेला आणि मॉड्यूलला द्या. मात्र चार्जरवरून उतरवलेला सेल लगेच लावू नका, तो ३.६ च्या वर असू शकतो; थोडा वेळ बसू द्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पुढच्या गोष्टीत. मॉड्यूलच्या वीज आणि ग्राउंड पिनांना अगदी चिकटून १० ते ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डागा. रेडिओ बोलायला लागतो त्या क्षणी वीज एकदम ओढतो, व्होल्टेज खचतं आणि निरोप अर्धवट राहतो. मी हा कपॅसिटर 'नंतर बघू' म्हणून सोडला होता. तीन संध्याकाळ प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो. चूक तिथं नव्हतीच.

रानात न्यायच्या आधी दोन्ही पाट्या टेबलावर ठेवून बोलत्या करा. अर्डुइनोच्या लायब्ररी (तयार प्रोग्रॅमच्या) यादीतून आरएफ२४ घ्या आणि तिच्याबरोबर येणारं पहिलं उदाहरण चालवा. दोन्हीकडे पत्ता, चॅनेल आणि वेग तंतोतंत सारखे हवेत. मी चॅनेल ७६ ठेवलं, म्हणजे २४७६ मेगाहर्ट्झ. घरचं वायफाय चॅनेल १ ते ११ मध्ये असेल तर त्याच्याशी टक्कर होत नाही. चिप १२५ पर्यंत चढू देते, पण आपला विनापरवाना पट्टा २४८३.५ ला संपतो, तेव्हा ८३ च्या वर जाऊ नका. पोचपावतीची सोय चिपमध्येच आहे: पावती नाही आली तर ती स्वतःच पंधरा वेळांपर्यंत पुन्हा पाठवते.

टाकीकडचा रेडिओ सतत ऐकत ठेवला तर १३ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, आणि आपला सेल पाच दिवसांत संपतो. म्हणून त्याला झोपवायचं. झोपेत चिप एक मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी घेते. प्रो मिनीचा वॉचडॉग, म्हणजे झोपेतून उठवणारा गजर, आठ सेकंदांच्या वर झोपू देत नाही, मग ७५ वेळा कूस बदलायची की दहा मिनिटं होतात. प्रत्येक वेळी ५० मिलिसेकंद जागं राहून २० मिलिअँपिअर घेतले तरी दिवसाचा बोलण्याचा खर्च ०.०४ मिलिअँपिअर-तास. झोपेत १० मायक्रोअँपिअर गेले तर त्याचे होतात ०.२४. म्हणजे बोलण्यापेक्षा झोप सहापट महाग! प्रो मिनीवरचा लाल दिवा त्यासाठीच काढून टाकायचा. फ्लोटच्या पिनांना आतून वीज देणारे पुल-अप रोधही झोपण्याआधी बंद करा, नाहीतर मिटलेल्या स्विचमधून ९० मायक्रोअँपिअर गुपचूप वाहत राहतात. घरातला नॅनो मात्र कायम ऐकणारा, त्याला मोबाईलचा चार्जर द्या.

पेटी प्लास्टिकचीच हवी. पाऊस लागू नये म्हणून मी पहिल्यांदा स्टीलचा डबा वापरला, आणि झाकण लावलं की रेडिओ मुका. पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्हीकडे टोपणं आणि तारांसाठी खालून भोक, एवढं पुरतं. अँटेना टाकीच्या आड येऊ देऊ नका. पाण्यानं भरलेली टाकी ही २.४ गिगाहर्ट्झला भिंतच. घरातलं मॉड्यूल चिऱ्याच्या भिंतीमागे न ठेवता रानाकडच्या खिडकीत ठेवा.

आमचं अंतर सत्तरेक मीटर, मध्ये मोकळं, म्हणून जमलं. मध्ये ऊस असेल तर उन्हाळ्यात चालणारी जोडणी श्रावणात, ओला ऊस डोक्याच्या वर गेल्यावर, गप्प होते. तिथं लोरा, म्हणजे सावकाश पण लांब पोचणारा रेडिओ, घ्यावा. सेम्टेकच्या एसएक्स१२७६ चिपचं, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारं मॉड्यूल मागा. हा पट्टाही विनापरवाना आहे. दिसायला अगदी तसंच एसएक्स१२७८ चं मॉड्यूल स्वस्तात पुढं केलं जातं, ते घेऊ नका. ती चिप ५२५ मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. अँटेना म्हणून ८.६ सेंटिमीटरची सरळ तार चालते. फक्त ती डागल्याशिवाय रेडिओला बोलायला लावू नका, पाठवणारा भाग जळू शकतो.