लष्कराच्या गोळीबार सरावक्षेत्रातला वणवा: आधीची तयारी

जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा), गवतकापणी, भरलेले टँकर ही कामं उन्हं तापायच्या आत उरकायची, हे सगळ्यांना माहीत आहे. राहतो तो न फुटलेल्या दारूगोळ्याचा नकाशा. तो शेजारच्या अग्निशमन दलाकडे आधीच पोचलेला हवा. गेल्या खेपेला आमचा नकाशा कपाटात कुलूपबंद होता आणि बंब फाटकाशी खोळंबले होते. वाऱ्याने तेवढ्यात आग कुंपणापलीकडे नेली.

गोळीबाराच्या दिवशी सकाळी वारा आणि हवेतला दमटपणा बघा, दुपारी पुन्हा बघा. अमेरिकेत युटातल्या कॅम्प विल्यम्सवर सप्टेंबर २०१० मध्ये आगीचा इशारा असताना मशीनगनचा सराव झाला आणि शेजारच्या हेरिमन गावातली घरं जळाली. कोरड्या वाऱ्यात ट्रेसर गोळ्या (जळत जाऊन उजेडाची रेघ सोडणाऱ्या) आणि फ्लेअर (उजेडासाठी उडवायचे जळते गोळे) बंद म्हणजे बंद, वेळापत्रक गेलं खड्ड्यात.

आग विझवायचं वाहन चालवून बघा. जर्मनीत मेपेनला २०१८ मध्ये रॉकेट चाचणीतून दलदलीच्या जमिनीला आग लागली, तेव्हा नेमकं तेच वाहन नादुरुस्त निघालं. जमिनीखालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, आठवडेच्या आठवडे धुमसत राहिलं.

आणि नकाशा! जुन्या माऱ्याच्या जागा, आत शिरायच्या सुरक्षित वाटा, कुठून पुढे पाऊल टाकायचं नाही, सगळं त्यावर हवं. जर्मनीतल्याच ल्युब्थेनच्या जुन्या सरावक्षेत्रावर २०१९ मध्ये जमिनीतल्या दारूगोळ्यामुळे अग्निशमन जवानांना आगीजवळ जाता येईना, आसपासची गावं रिकामी करावी लागली. कुठवर जायचं हे ऐन धुरात ठरवत बसायचं का? दर मोसमाआधी नकाशा नवा करा, दलाच्या माणसांना तो हातात घेऊन वाटांवरून फिरवा. नुसता ईमेल केला म्हणजे दिला असं होत नाही.

गावासाठी रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर, बाहेर पडायचे दोन रस्ते, म्हातारी आणि आजारी माणसं कोणाच्या गाडीत ते ठरलेलं. छपरावरचा, पन्हाळीतला पाचोळा काढा, ठिणग्या आगीच्या बऱ्याच पुढे उडत येतात.

विझल्यावर रात्रभर पहारा. गवत जळालं की जुने गोळे उघडे पडतात, म्हणून गुराख्यांना आणि मुलांना आत सोडू नका. नवे सापडलेले गोळे नकाशावर त्याच आठवड्यात चढवा आणि सुधारलेली प्रत अग्निशमन दलाला द्या.