पेट इन्शुरन्स घ्यायच्या आधी कंपनी कशी पारखायची

पेट इन्शुरन्सच्या कुठल्याही वेबसाइटवर गेलात की आधी एक हसरा कुत्रा दिसतो आणि त्याच्या बाजूला मोठ्या अक्षरात "अपघात, आजार, ऑपरेशन, सगळं कव्हर". ते सोडा आणि पॉलिसी वर्डिंग शोधा. म्हणजे पॉलिसीच्या सगळ्या अटी असलेली ती लांबलचक पीडीएफ जी बहुतेक वेळा पेजच्या पार तळाला बारीक अक्षरात लिंक म्हणून टाकलेली असते. पैसे भरायच्या आधी ती वाचायला देत नसतील, "पॉलिसी इश्यू झाली की मेलवर येईल" असं सांगत असतील, तर माझ्या मते विषय तिथेच संपला, पुढची कंपनी बघा. कारण क्लेमच्या वेळी ब्रोशर कोणी उघडत नाही, तिथे त्या पीडीएफमधलं वाक्य चालतं.

आता ती पीडीएफ पहिल्या पानापासून वाचायला बसाल तर चौथ्या पानावर झोप लागेल. त्यापेक्षा आपल्या प्राण्याला काय काय होऊ शकतं त्यातले दोन-तीन आजार निवडा आणि प्रत्येक आजार घेऊन वर्डिंगमध्ये शोधत सुटा. आजार कुठले हे जातीवर आणि वयावर ठरतं. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर हिप डिस्प्लेजिया म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, पग आणि फ्रेंच बुलडॉगला श्वासाचा त्रास, डॅशहुंडला मणक्यातली चकती सरकणं, पर्शियन मांजरांमध्ये किडनीत गाठी होणारा आनुवंशिक आजार, मेन कूनमध्ये हृदयाचे स्नायू जाड होणं, आणि बोका कुठल्याही जातीचा असो, लघवी तुंबण्याची इमर्जन्सी. नेमके काय धरायचे हे आपल्या व्हेटला म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना विचारलंत तर पाच मिनिटांत सांगतील. मग प्रत्येकासाठी बघा की आनुवंशिक आणि जन्मजात आजार कव्हर आहेत का, असतील तर त्यांना वेगळी मर्यादा लावलीय का, एमआरआय किंवा सीटी स्कॅन धरतात का, आणि औषध आयुष्यभर चालू राहिलं तर पैसे किती दिवस मिळणार. "आनुवंशिक आजार कव्हर" असं एका पानावर आणि "हिप डिस्प्लेजिया वगळून" असं दहा पानं पुढे, हे अगदी होऊ शकतं, म्हणून पीडीएफमध्ये आजाराचं नाव टाकून सर्च करायचं आणि जिथे जिथे सापडेल ते सगळं वाचायचं.

यानंतर वेळ घालवायचा तो प्री-एक्झिस्टिंगच्या क्लॉजवर, म्हणजे आधीपासूनचे आजार वगळणाऱ्या अटीवर. लोकांना वाटतं प्री-एक्झिस्टिंग म्हणजे ज्याचं निदान आधी झालंय तो आजार. पण बहुतेक वर्डिंगमध्ये निदान लागतच नाही, लक्षण दिसलेलं असलं तरी पुरतं. माझ्या एका मैत्रिणीची लॅब्राडॉर, पॉलिसी घेण्याच्या बऱ्याच आधी एकदा व्हेटकडे लसीसाठी गेली होती तेव्हा मैत्रीण सहज म्हणाली की कधीकधी उजवा मागचा पाय उचलून चालते, डॉक्टरांनी कार्डावर एक ओळ लिहिली आणि दोघीही विसरून गेल्या. पुढे डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, आणि क्लेम नाकारला गेला. डावा पाय, हं! कारण वर्डिंगमध्ये दोन्ही बाजूंना होणाऱ्या आजारांचा एक क्लॉज होता, एका बाजूला आधी त्रास असेल तर दुसरी बाजूही प्री-एक्झिस्टिंग धरायची. गुडघ्याचं लिगामेंट एका पायाचं गेलं की दुसऱ्याचं जाण्याची शक्यता बरीच असते हे वैद्यकीयदृष्ट्या खरंच आहे, त्यामुळे कंपन्या हा क्लॉज ठेवतात, पण तो आहे हे आधी माहीत तरी पाहिजे ना.

म्हणून दोन कामं करा. एक, व्हेटकडून आपल्या प्राण्याची पूर्ण मेडिकल हिस्टरी मागून घ्या आणि स्वतः वाचा, त्यात चुकीचं काही लिहिलं गेलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, क्लेम नाकारल्यावर नोंद बदलायला सांगितली तर कुठलाही डॉक्टर करणार नाही आणि करूही नये. दोन, कंपनीला विचारा की तुम्ही पॉलिसी देतानाच हिस्टरी तपासून काय काय वगळलंय ते लेखी देता का. काही देतात, काही पहिला क्लेम आल्यावरच हिस्टरी उघडतात. मला पहिला प्रकार कधीही बरा वाटतो, नकार मिळाला तरी तो आधी मिळतो. तसंच बऱ्या होणाऱ्या आजारांचं विचारा, म्हणजे कानाचं इन्फेक्शन किंवा जुलाब होऊन गेले आणि नंतर ठरावीक महिने काही त्रास नाही, तर ते पुन्हा कव्हरमध्ये येतात का. काही कंपन्या घेतात, काहींच्या लेखी एकदा झालं ते कायमचं.

वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावरचे ज्यात क्लेम मिळत नाही ते दिवस, सगळ्यांकडेच असतो. अपघाताला साधारण काही दिवस किंवा तेही नाही, आजाराला बहुधा दोन आठवडे ते महिना, आणि गुडघा-खुबा अशा हाडांच्या गोष्टींना काही ठिकाणी सहा महिन्यांपर्यंत. यातली मेख अशी की वेटिंगमध्ये लक्षण दिसलं तर तो आजार प्री-एक्झिस्टिंग होऊन बसतो, नुसता तेवढ्यापुरता क्लेम जात नाही.

आणि रिन्यूअल! याबद्दल कोणी विचारतच नाही. समजा मांजरीला यावर्षी डायबिटीस निघाला. इन्सुलिन पुढेही घ्यावं लागणार. काही पॉलिसींमध्ये दरवर्षी रिन्यू करत राहिलात तर पैसे मिळत राहतात, काहींमध्ये निदानापासून बारा महिने झाले की त्या आजाराचं खातं बंद, आणि काहींमध्ये एका आजाराला आयुष्यभराची एकच रक्कम, ती संपली की संपली. तिघांचीही जाहिरात सारखीच दिसते. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे रिन्यूअलला नवी पॉलिसी समजून गेल्या वर्षीचा आजार प्री-एक्झिस्टिंगमध्ये ढकलणं. तेव्हा सरळ विचारा, पहिल्या वर्षी झालेला आजार दुसऱ्या वर्षी त्याच अटींवर कव्हर आहे का. सोबत हेही की वय वाढलं की प्रीमियम कसा वाढतो, क्लेम केल्यामुळे वाढतो का, आणि ठरावीक वयानंतर आपल्या खिशातून द्यायचा टक्का वाढतो का. आज पिल्लासाठी जो प्रीमियम दिसतोय तो बघून दोन कंपन्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही, त्याच जातीचं आठ-नऊ वर्षांचं जनावर टाकून दोन्हीकडे कोटेशन काढा, मग खरा फरक कळतो.

पैशाचा हिशोब तीन गोष्टींवर चालतो, डिडक्टिबल म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, मग कंपनी किती टक्के देणार, आणि वरची मर्यादा. यात दोन जागी गंमत आहे. पहिली, डिडक्टिबल वर्षातून एकदा की प्रत्येक आजाराला वेगळं? वर्षात तीन वेगळ्या तक्रारी झाल्या तर दुसऱ्या प्रकारात तीनदा भरायचं. दुसरी, आधी काय वजा करतात. बिल 50,000, डिडक्टिबल 10,000 आणि कंपनी 80 टक्के देणार असं धरा. आधी डिडक्टिबल काढलं तर 40,000 चे 80 टक्के म्हणजे 32,000 मिळतात. आधी टक्केवारी लावली तर 40,000 मधून 10,000 जाऊन 30,000. आकडे तेच, हातात येणारे पैसे वेगळे. आणि हे सगळं खऱ्या बिलावर की कंपनीच्या स्वतःच्या दरपत्रकावर, हे तर विचाराच, कारण दरपत्रकवाल्या पॉलिसीत ऑपरेशनचा एक ठरलेला आकडा असतो आणि तुमच्या हॉस्पिटलने त्याच्या दुप्पट लावले तरी मिळणार तेवढेच.

बाकी भराभर, हे कव्हर आहे का तेही बघा: डॉक्टरांची तपासणी फी, रात्रीचा इमर्जन्सी चार्ज, दातांचे आजार (अपघातात दात तुटणं वेगळं आणि हिरड्या सडणं वेगळं, दुसरं बऱ्याचदा वगळलेलं), फिजिओथेरपी, आजारासाठीचं खास खाणं, वागणुकीच्या समस्या, शेवटचं (दयामरणाचं) इंजेक्शन. कुत्रा असेल तर त्याने कोणाला चावल्यास येणारी भरपाई. लसी आणि दरवर्षीची तपासणी वेळेवर नसेल तर क्लेम अडवू शकतात, तो क्लॉज सापडल्याशिवाय पीडीएफ बंद करू नका. वेलनेस ॲड-ऑनसाठी, म्हणजे जादा पैसे भरून नेहमीच्या लसी-औषधांचा खर्च घ्यायची सोय, तर वाचायचीही गरज नाही, वर्षभरात लसी, जंताचं औषध, गोचिडाचं औषध यावर किती जातात ते मांडा आणि ॲड-ऑनच्या किमतीशी ताडून बघा. मला तरी तो बहुतेक वेळा आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत देण्याचा प्रकार वाटतो.

आता कस्टमर सर्व्हिस. ही पॉलिसी घेण्याआधीच तपासता येते आणि तपासायची पद्धत म्हणजे त्यांना कामाला लावायचं. एक खरीखुरी केस लिहून मेल करा, उदाहरणार्थ: "माझा बोका 4 वर्षांचा आहे, 2 वर्षांपूर्वी एकदा लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, औषधाने बरं झालं, त्यानंतर काही नाही. उद्या त्याची लघवी तुंबली आणि 3 दिवस ॲडमिट करावं लागलं तर क्लेम मिळेल का, कुठल्या क्लॉजप्रमाणे?" आणि मग वाट बघा. उत्तर आलं की "वर्डिंगमधल्या अमुक क्लॉजनुसार मागचं इन्फेक्शन प्री-एक्झिस्टिंग धरलं जाईल, पण तुंबण्याचं कारण वेगळं असल्याचं व्हेटने लिहून दिलं तर विचार होईल", तर मला ती कंपनी आवडली, उत्तर मनासारखं नसलं तरी. आणि "प्रिय ग्राहक, आमच्या पॉलिसीत विस्तृत कव्हरेज आहे, प्रत्येक क्लेम त्याच्या गुणवत्तेनुसार तपासला जातो, आजच खरेदी करा" असं आलं तर ओळखायचं की क्लेमच्या वेळीही असलंच काहीतरी येणार. कंपनी पैसे घ्यायच्या मूडमध्ये असताना इतकी गोलगोल बोलत असेल तर पैसे द्यायच्या वेळी काय बोलेल?

फोनही करून बघा, आणि सेल्सच्या नंबरवर करू नका, तो दुसऱ्या रिंगला उचलतात. क्लेमच्या नंबरवर करा, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी. जनावरं ऑफिसची वेळ बघून आजारी पडत नाहीत. फोनवर काहीही कबूल केलं तर "हे मला मेलवर द्याल का" म्हणायचं, तिथे आवाज जरा बदलतो. विचारायचं काय, तर क्लेम किती दिवसांच्या आत लावायचा, कुठले कागद लागतात (बिल प्रत्येक गोष्टीच्या फोडीसकट लागतं, नुसती कार्ड पेमेंटची पावती चालत नाही), मोठ्या ऑपरेशनला आधी मंजुरी घेता येते का, हॉस्पिटलला थेट पैसे देतात की आधी आपण भरून मग मागायचे. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण रात्री दोन वाजता काउंटरवर डिपॉझिट मागतात तेव्हा नंतर मिळणाऱ्या पैशाचा उपयोग नसतो. आणि क्लेम नाकारला तर अपील कोणाकडे, त्या वेळी कागद बघणारा माणूस व्हेट असतो का, हेही विचारा. ज्या ब्रँडचं नाव तुम्हाला दिसतंय तो बऱ्याचदा फक्त विकणारा असतो, जोखीम घेणारी इन्शुरन्स कंपनी वेगळी आणि क्लेम बघणारी एजन्सी तिसरीच, तिघांची नावं लिहून घ्या आणि रिव्ह्यू शोधताना तिन्ही नावांनी शोधा.

रिव्ह्यू वाचायचीही एक रीत आहे. "दोन मिनिटांत पॉलिसी मिळाली, खूप छान अनुभव" असले पाच स्टार सरळ सोडून द्या, पॉलिसी विकणं कोणालाही जमतं. क्लेमबद्दल लिहिलेले वाचा, त्यातही मोठ्या रकमेचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले. एक स्टारवाला चिडलेला असतोच, पण तो कशावर चिडलाय ते बघा, वेटिंगमध्ये क्लेम लावून नाकारला म्हणून असेल तर कंपनीचा दोष नाही, पण तेच कागद चार वेळा मागितले, दरवेळी नवा माणूस, अशी तक्रार वेगवेगळे लोक करत असतील तर ती त्यांची पद्धतच समजा. याहून भरवशाचा सोर्स म्हणजे तुमच्या व्हेटच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसणारी व्यक्ती. डॉक्टर नाही, रिसेप्शन. कुठली कंपनी रेकॉर्ड मागायला पुन्हा पुन्हा फोन करते आणि कुठली गप पैसे देते हे त्यांना तोंडपाठ असतं.

पॉलिसी हातात आली की फ्री-लूकचे दिवस मोजा, म्हणजे ज्या मुदतीत क्लेम न करता परत केली तर पैसे मिळतात. त्या मुदतीत जात, जन्मतारीख, नसबंदी झाली की नाही, मायक्रोचिप नंबर, निवडलेली टक्केवारी आणि डिडक्टिबल हे सगळं नीट छापलंय का बघा, जातीच्या जागी "मिक्स" पडलं असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा. जुनी पॉलिसी असेल तर नवीचं वेटिंग संपेपर्यंत तिला हात लावू नका, आणि जुन्या पॉलिसीत ज्याचा क्लेम घेतलाय तो आजार नव्या कंपनीसाठी प्री-एक्झिस्टिंगच असतो, त्यामुळे म्हाताऱ्या आजारी जनावरासाठी कंपनी बदलणं बहुतेक वेळा तोट्याचं पडतं. डिडक्टिबल वर्षाचं असेल तर त्याच्या आतलं छोटं बिल आलं तरी क्लेम लावून टाका, पैसे मिळणार नाहीत, पण ती रक्कम डिडक्टिबलमधून वजा होत जाते आणि ही माणसं कागद किती दिवसांत बघतात तेही कळतं. फक्त नुसता क्लेम लावला तरी प्रीमियमवर परिणाम होतो का, ते आधी विचारून घ्या.