हिवाळ्यात नागपूरबाहेर गाडी काढताय? ट्रकजवळ या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे माणसं भल्या पहाटे घराबाहेर पडतात. पेंचची सकाळची सफारी गाठायची तर साडेतीन-चारलाच गाडी काढावी लागते. बुटीबोरीच्या एमआयडीसीत पहिली पाळी धरायची असेल तर पाचला. तुळशीचं लग्न लागलं की भंडारा, हिंगणघाट, अमरावती अशा लग्नाच्या फेऱ्या सुरू होतात त्या वेगळ्याच. आणि नेमक्या याच वेळेला रस्ता ट्रकांनी भरलेला असतो. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि सुरतेकडून येऊन रायपूरकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग नागपुरातच एकमेकांना मिळतात. त्यात उमरेडकडचा कोळसा, कोराडी-खापरखेड्याची राख, कन्हानची रेती. ट्रकांपासून दूर राहून नागपूरबाहेर पडणं जवळपास अशक्य आहे. म्हणून त्यांच्याजवळ वागायचं कसं, हे शिकून घ्यावं लागतं.

मला ते मामांनी शिकवलं. कापसीच्या ट्रान्सपोर्टमध्ये त्यांनी कित्येक वर्षं ट्रेलर चालवला. एका जानेवारीत त्यांनी मला उभ्या ट्रेलरच्या ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि स्वतः खाली उतरले. मामेभाऊ मोटरसायकल घेऊन कुठेतरी उभा होता. खालून मामांचा आवाज आला, "सांग बरं आता, लहान्या कुठं हाय? दिसून राहिला का तुले?" मी डाव्या आरशात पाहिलं. ट्रेलरची लांबच लांब बाजू आणि आवाराची थोडीशी माती, बस्स. उजव्या आरशातही कोणी नाही. समोरच्या काचेतून पलीकडची भिंत दिसत होती. इतक्यात मोटरसायकलचा हॉर्न वाजला, अगदी माझ्या पायाखालून वाजल्यासारखा. लहान्या डाव्या पुढच्या चाकाला लागून, हाताच्या अंतरावर उभा होता. भर दुपारी, लख्ख उन्हात, काच स्वच्छ असताना तो मला दिसला नव्हता. पहाटे धुक्यात, आरशावर दव साचलेलं असताना काय होत असेल, याचा विचार तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

"ट्रकवाल्याने मला पाहिलं असेलच"

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातल्या.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे ट्रकची डावी बाजू त्याच्यासाठी जवळजवळ आंधळी असते. बोनेटच्या लगेच पुढची जागा आणि ट्रकच्या पाठीमागची जागाही तशीच. साधी खूण लक्षात ठेवा: ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. हिवाळ्यात ही आंधळी जागा आणखी वाढते. आरशावर दव असतं, कोळशाच्या आणि राखेच्या गाड्यांच्या काचेवर धूळ बसलेली असते, आणि गारठ्यामुळे केबिनच्या खिडक्या घट्ट बंद असतात, म्हणून तुमचा हॉर्नही आत नीट पोहोचत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरांसाठी ही फार चांगली गोष्ट आहे, ती कधीच व्हायला हवी होती. पण नुसत्या हॉर्नवर भिस्त ठेवण्याचे दिवस त्यामुळे आणखी मागे पडणार. हॉर्नसोबत डिपर द्या, आणि तो थोडा डावीकडे सरला, वेग सावरला, अशी काही खूण दिसल्याशिवाय पुढे घुसू नका.

बुटीबोरी, हिंगणा, मौद्याकडे पाळीवर जाणाऱ्या दुचाकीवाल्यांना तर हात जोडून सांगतो. सिग्नलला किंवा दुभाजकाच्या कटजवळ ट्रक थांबला की त्याच्या डावीकडच्या फटीतून पुढे जायचा मोह होतो. जाऊ नका. लांब ट्रेलरला डावीकडे वळायचं असेल तर तो आधी उजवीकडे झुकतो. डावीकडे जागा मोकळी झाल्यासारखी वाटते, आणि मग त्याचा मागचा भाग तीच जागा कापत आत येतो. त्या फटीत सापडलेल्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. त्यात आपले स्वेटर काळे, जॅकेट काळं, कानावर मफलर, हेल्मेटच्या काचेवर वाफ. जॅकेटच्या पाठीवर आणि हेल्मेटच्या मागे चमकणारी पट्टी लावून घ्या. गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात ती अगदी कमी पैशांत मिळते.

धुक्यात ट्रकच्या लाल दिव्यामागे लागणं

कन्हानचा पूल ओलांडताना किंवा मौद्याच्या पुढे वैनगंगेकडे जाताना हा अनुभव अनेकांना आला असेल. दहा मिनिटं रस्ता स्वच्छ असतो, आणि पाण्याजवळ, ओलीत केलेल्या गव्हा-हरभऱ्याच्या शेतांजवळ आलं की समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसले की बरं वाटतं. त्याला रस्ता माहीत आहे, आपण त्याच्या मागे मागे जाऊ, असं मन म्हणतं. पण तो दिवा दिसत राहावा म्हणून आपण नकळत जवळ जवळ जातो. पुढे कापसाने भरलेली, दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली आणि ट्रकने ब्रेक मारला, तर आपल्याला ती ट्रॉली दिसलेलीच नसते. दिसतो तो ट्रकचा मागचा भाग, आणि तोवर उशीर झालेला असतो. मागून धडकलेली छोटी गाडी ट्रकच्या खाली शिरते, आणि मार थेट काचेच्या उंचीवर बसतो. तिथे एअरबॅगचाही फारसा उपयोग होत नाही.

अंतर किती ठेवायचं? ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते, १०० ने २८ मीटर. पहाटे रस्त्यावर चालताना मीटर कोण मोजत बसणार? मी असं करतो: पुढचा ट्रक किलोमीटरच्या दगडाजवळून गेला की शांतपणे 'गण गण गणात बोते' म्हणायला लागतो. कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर दोनदा म्हणून होईपर्यंत माझी गाडी त्या दगडाशी पोहोचता कामा नये. धुक्यात चारदा. आणि पुढचा दगडच दिसत नसेल, तर वेग इतका हवा की जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे.

धुक्यात हाय बीम लावू नका. उजेड थेंबांवर आदळून उलट डोळ्यांत येतो. लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प, एवढंच. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची सवयही सोडा. मागच्याला वाटतं तुम्ही थांबला आहात, आणि लेन बदलायची वेळ आली की तुमच्याकडे इंडिकेटरच उरत नाही.

आतून काच धुरकट होत असेल तर बाहीने पुसत बसू नका. हिवाळ्यात एसी कशाला म्हणून आपण तो बंद ठेवतो आणि इथेच चुकतो. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. एसी सुरू करा, तापमान उबेकडे फिरवा, हवेचा झोत काचेवर वळवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. मिनिटभरात काच निवळते.

उभा ट्रक

चालत्या ट्रकापेक्षा मला उभ्या ट्रकाची जास्त भीती वाटते. पंक्चर झालेला, डिझेल संपलेला, किंवा ड्रायव्हरला झोप अनावर झाली म्हणून कडेला लावलेला ट्रक. मागचे लाल पट्टे चिखलाने माखलेले, दिवे बंद. इशारा म्हणून मागे दोन दगड आणि झाडाची फांदी. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. लो बीममध्ये साधारण ४०-५० मीटरवरचं नीट दिसतं. ताशी १०० ने ते अंतर दोन सेकंदांच्या आतच संपतं. त्यामुळे पहाटे सगळ्यात डावीकडच्या पट्टीला चिकटून वेगाने जाऊ नका. रस्त्यावर फांदी किंवा दगड दिसला की पुढे ट्रक आहेच असं समजून वेग कमी करा.

ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच दिवसाला ८ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात रात्रभर गाडी ओढणारा माणूस पहाटे चारला किती जागा असेल, हे आपणच समजून घ्यावं. लेनमध्ये हळूहळू डावी-उजवीकडे सरकणारा ट्रक दिसला तर त्याच्या शेजारी राहू नका. मागे राहून हॉर्न द्या, आणि तो सावध झाला असं दिसलं तरच पुढे जा.

ओव्हरटेक करताना

ट्रकचा उजवा इंडिकेटर म्हणजे नेमकं काय? कोणी तो 'जा पुढे' म्हणून देतो, कोणी खरंच उजवीकडे वळणार असतो, कोणी पुढची ट्रॉली चुकवणार असतो. त्यावर विसंबून निघू नका. क्लीनरने हात हलवला तरी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ओव्हरटेक सुरू केलं की ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका, आणि पुढे गेल्यावर आतल्या आरशात ट्रकचं अख्खं तोंड दिसेपर्यंत त्याच्या लेनमध्ये येऊ नका. भरलेला ट्रेलर चाळीस टनांहूनही जड असू शकतो. तुम्ही पुढे येऊन ब्रेक मारलात तर त्याची कितीही इच्छा असली तरी तो तेवढ्या जागेत थांबू शकत नाही. सिवनीच्या रस्त्यावर कुरईच्या घाटात, उतारावर, हे दुप्पट खरं आहे.

समृद्धीवर शिवमडक्यापासून कारला ताशी १२० ची परवानगी आहे, ट्रक त्याहून पुष्कळ हळू चालतो. सरळ, रिकाम्या रस्त्यावर पुढचा ट्रक किती वेगाने जवळ येतोय याचा अंदाजच चुकतो. लांबूनच लेन बदला.

निघण्याआधी टायर बघा, आणि तेही सकाळी गार असताना. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब १ पीएसआयने कमी होतो. दुपारी २८ अंशांत भरलेली हवा पहाटे ११-१२ अंशांत तीनेक पीएसआयने कमी भरते.

गाडी बंद पडली किंवा पुढचं दिसेनासं झालं तर

धुकं दाट झालं म्हणून कडेला गाडी लावून बसू नका. दिवे लावून उभ्या असलेल्या गाडीला चालती समजून मागचा ट्रक तिच्यामागे येऊ शकतो. हळूहळू पुढे जात पेट्रोल पंप, ढाबा किंवा टोलनाका गाठा आणि रस्त्यापासून आत थांबा. चहा घ्या. सूर्य वर आला की धुकं बहुतेक वेळा विरतं.

गाडी बंदच पडली तर मात्र आता चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रेलिंगच्या पलीकडे न्या, लहान मुलांना आधी. लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा. तो ठेवायला जाताना रस्त्यावरून नाही, कडेने चाला, आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. मग फोन: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर पहिला प्रश्न 'कुठे आहात' हाच येतो, तेव्हा जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि तुमची दिशा, म्हणजे जाम गावाकडे की नागपूरकडे, हे आधी वाचून ठेवा.