विकास सोसायटीच्या संगणकीकरणाआधी करावयाची तयारी

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. मूळ मंजुरी ६३,००० संस्थांसाठी आणि २,५१६ कोटी रुपयांची होती. संगणक बसला आणि सॉफ्टवेअर सुरू झाले की कागदोपत्री काम पूर्ण होते; सभासदाच्या पदरात काय पडले हे मात्र संस्थेलाच तपासावे लागते, आणि त्याची तयारी आधीपासून करावी लागते.

सर्वप्रथम संचालक मंडळाने अपेक्षित लाभ मोजता येतील अशा शब्दांत ठरावात लिहावेत. ‘कारभार पारदर्शक होईल’ एवढ्याने भागत नाही. कर्जमागणी अर्ज दिल्यापासून रक्कम खात्यात जमा होईपर्यंत किती दिवस जातात, खातेउतारा मागितल्यावर किती वेळात मिळतो, वर्षअखेरीस तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळायला किती दिवस लागतात, हे गेल्या हंगामाच्या आवक नोंदवहीवरून आणि कीर्दीवरून (रोजच्या जमाखर्चाच्या वहीवरून) काढून त्याच ठरावाला जोडावे. हे काम नंतर करू म्हटले तर ते राहूनच जाते आणि पुढे तुलनेला आठवणींखेरीज काही उरत नाही, म्हणून माझ्या मते यादीत याला पहिले स्थान द्यावे.

प्रत्येक लाभाची जबाबदारी एका व्यक्तीवर असावी. ती सगळी गटसचिवावर, म्हणजे सोसायटीचे दप्तर सांभाळणाऱ्या सचिवावर, टाकणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्याकडे बहुधा एकाहून अधिक गावे असतात. शिवाय कर्जमंजुरीचा विलंब जर जिल्हा बँकेतील तपासणीत होत असेल, तर सोसायटीतील संगणकाने तो कमी होणार नाही. त्यासाठी बँकेच्या निरीक्षकाशी आधीच बोलून मुदत ठरवून घ्यावी.

सर्वाधिक वेळ आरंभीच्या शिलकांना, म्हणजे संगणकात प्रथम भरायच्या प्रत्येक खात्याच्या बाकीला, द्यावा. सातबाऱ्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि खतावणीत (खातेवहीत) गावात रूढ असलेले तिसरेच, अशी खाती निघतात. मयत सभासदांच्या वारसनोंदी राहिलेल्या असतात. म्हणून नोंदी भरण्यापूर्वी प्रत्येक सभासदाला बाकीचा उतारा दाखवून त्यावर सही घ्यावी. राज्यात तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची मुदतीत परतफेड करणाऱ्यास व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्के दराने पडते, तेव्हा भरण्याची तारीख चुकीची नोंदली गेली तर भुर्दंड शेतकऱ्याला बसू शकतो.

हाताने लिहायची कीर्द आणि संगणक काही काळ सोबत चालवावे लागतील, पण हाताची कीर्द कधी थांबवायची ती तारीख लेखापरीक्षकांशी बोलून ठरावातच घालावी, नाहीतर सचिवाचे काम दुप्पट होऊन बसते. प्रशिक्षण संस्थेच्याच जुन्या व्हाउचरांवर घ्यावे. वीज आणि इंटरनेटची पर्यायी सोय पाहून ठेवावी.

एक पूर्ण खरीप हंगाम आणि त्याची वसुली झाल्यावर तेच आकडे पुन्हा काढून, आधीच्या आकड्यांशेजारी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात छापावेत. ज्या आकड्यात फरक पडला नाही तो वगळू नये. काम कोणत्या टप्प्यावर अडले आणि ते सोडवण्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे त्यापुढे लिहावे.