खरबरीत ब्लॉकची भिंत आणि गेटचे खांब ओळंब्यात कसे ठेवायचे

ऐरोलीला रो हाऊसच्या कंपाउंडला दगडी तोंडाचे काँक्रीट ब्लॉक लावले, सहा रद्दे (ब्लॉकचे आडवे थर) चढले आणि संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं तेव्हा भिंतीला मधोमध पोट आलेलं दिसलं. तीन रद्दे उतरवायला लागले, फार जीवावर आलं. गवंडी स्पिरिट लेव्हल खरबरीत तोंडावर टेकवत होता, आणि ते तोंड ब्लॉक फोडून केलेलं असतं, म्हणजे लेव्हल फुगवट्यावर बसते आणि प्रत्येक ब्लॉकचा फुगवटा वेगळा.

तेव्हा दोरी मागच्या गुळगुळीत बाजूने बांधा, ओळंबाही (दोरीला टांगलेलं वजन, उभी रेषा बघायला) तिथेच. आधी पहिला रद्दा माल (सिमेंट-वाळूचा) न घालता कोरडा मांडून बघा, मग पाणीनळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) लेव्हल घ्या (नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते), दोन्ही कोपरे तीन-चार रद्दे चढवा आणि मधली दोरी ताणा. ब्लॉक दोरीला चिकटवू नका, केसभर लांब ठेवा, नाहीतर एक ब्लॉक दोरी ढकलतो आणि पुढचे सगळे त्याच्यामागे जातात. लांब भिंतीत दोरीला मधे टेकू द्या. ब्लॉक 190 मिलिमीटर उंच असेल तर 10 चा सांधा धरून रद्दा 200 चा होतो, तशा खुणा केलेली पट्टी कोपऱ्याला उभी ठेवा, पाच रद्द्यांना बरोबर 1 मीटर यायला पाहिजे.

खरी कसोटी खांबाची, कारण चारही बाजू खरबरीत, मागची बाजूच नाही. वर आडवी फळी बांधून दोन लागून असलेल्या बाजूंना ओळंबे सोडा, खांबापासून साधारण 30 मिलिमीटर लांब, आणि लाकडाचा तेवढाच तुकडा घेऊन अंतर तपासा, पण फुगवट्याला नाही, ब्लॉकच्या कडेला. खाडीचा वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, हलायचा थांबतो. प्रत्येक रद्द्याला दोन्ही कर्ण मोजा, फरक आला म्हणजे रद्दा काटकोनात नाही.

ब्लॉक विटांसारखे भिजवू नका, ओला ब्लॉक मालावर सरकतो, पावसाळ्यात ताडपत्री घालाच. माल ओला असेपर्यंतच थापीच्या दांड्याने ठोकून सरळ करा, एकदा धरला की ढकलू नका, ब्लॉक काढून नवा माल टाका. आणि दिवसाला पाच-सहा रद्द्यांच्या वर मी चढू देत नाही, गवंडी कितीही म्हणाला तरी.