प्रौढ साक्षरतेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात नव्याने येणारे बहुतेक जण आधी विचारतात, ‘पुस्तक कोणतं वापरायचं?’ मला वाटतं, त्याच्याही आधी शिकणाऱ्यांना विचारावं, ‘तुम्हाला नेमकं काय वाचता यायला हवंय?’ उत्तरं अगदी ठोस येतात. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर. मुलांच्या शाळेतून आलेली चिठ्ठी. अंगठा उठवायच्या आधी कर्जाच्या कागदात काय लिहिलंय ते. एका बाईंना लेकीचे मेसेज दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचे नव्हते, बस, एवढंच. त्या वर्गाचा अभ्यासक्रम मग मेसेजपासूनच सुरू झाला.

ही काही माझी कल्पना नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात जॉन्स बेटावर 1957 साली कृष्णवर्णीय प्रौढांसाठी एक वर्ग सुरू झाला. तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर वाचता येणं सक्तीचं होतं. शिक्षिका आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवायला मुद्दाम पेशाने शिक्षक नसलेली व्यक्ती निवडली: बर्निस रॉबिन्सन, ज्या केशरचनेचा व्यवसाय करायच्या. त्यांनीही पहिल्याच दिवशी विचारलं, काय शिकायचंय? स्वतःचं नाव लिहायचं होतं, बायबल वाचायचं होतं, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. पुढे असे ‘नागरिकत्व वर्ग’ दक्षिणेतल्या कितीतरी गावांत पसरले. माणसं आपल्यातल्याच कुणाकडून बिनसंकोच शिकतात, हे तिथे स्पष्ट दिसलं.

ब्राझीलमध्ये 1963 साली शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी आंजिकोस गावात सुमारे 300 जणांना 40 तासांत वाचन-लेखन शिकवण्याचा प्रयोग केला. अक्षरमालेने सुरुवात न करता त्यांनी लोकांच्या जगण्यातले शब्द घेतले. आधी त्यावर चर्चा करायची, मग शब्द फोडायचा आणि त्याच्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे. या पद्धतीतली चर्चा वेळ वाचवण्यासाठी गाळू नका. वीट हा शब्द शिकताना घर कुणाचं, बांधतं कोण, राहतं कोण, यावर माणसं बोलू लागतात आणि शब्द त्यांचा होतो. 1964 च्या लष्करी उठावानंतर फ्रेरींना तुरुंगात टाकलं गेलं आणि मग देश सोडावा लागला. लोक वाचायला लागले की सत्तेला काय वाटतं, ते यावरून कळावं.

आता रोजच्या गोष्टी. पहिली, डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसू लागतं, आणि ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना खरं तर अक्षरच दिसत नसतं. ठळक, मोठा मजकूर आणि जाड पेन्सिल ठेवा. कष्टाने राठ झालेल्या बोटांना बारीक पेन्सिल पकडणं अवघड जातं. लहान मुलांच्या बाकांवर त्यांना बसवू नका, मुलांचं बालगीतांचं पुस्तकही देऊ नका. तोंडी हिशेब त्यांना बहुधा तुमच्याहून जलद येतो, म्हणून अंकांपासून सुरुवात केली तर पहिल्याच आठवड्यात हुरूप येतो. वर्गात कुणी घरचा कागद वाचून घ्यायला आणला तर तो चारचौघांत मोठ्याने वाचू नका, बाजूला घेऊन वाचा.

हजेरी हे या कामातलं खरं दुखणं. कामाचा हंगाम, आजारपण, रात्रपाळी, घरातून होणारा विरोध. दोन महिने गैरहजर राहिलेल्या माणसाला काही न विचारता परत सामावून घेणारा वर्गच टिकतो. त्यासाठी प्रत्येक पाठ शक्यतो स्वतंत्र ठेवा आणि वर्गाची वेळ व जागा गटाला ठरवू द्या. देणगीदार संस्थेला ‘किती जण साक्षर झाले’ हा आकडा लवकर हवा असतो. नुसती सही करता येणारे मोजून तो देऊ नका. युनेस्कोने 1958 साली केलेली व्याख्या मला अजूनही पुरेशी वाटते: रोजच्या आयुष्याबद्दलचं छोटं, साधं विधान समजून वाचता आणि लिहिता येणं. ‘समजून’ यावर अडून बसा.

पदवी लागतेच असं नाही. समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्र शिकलेलं असेल तर नोकरी मिळवताना उपयोग होतो, पण आधी एखाद्या चालू वर्गात काही महिने नुसतं सोबत बसा. आणि वर्ग संपल्यावर काय, याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. वाचायला काही नसलं की शिकलेलं विसरतं. गटाने स्वतः सांगितलेल्या गोष्टी लिहून काढा, मोठ्या अक्षरांत छापा आणि शेजारच्या वस्तीतल्या वर्गाला वाचायला द्या. त्यांच्या गोष्टी इकडे मागवा.