मेसेज पोचला, बाई तुटली: फोनवरून दारू आणि एचआयव्हीबद्दल बोलताना या चुका टाळा

साक्री तालुक्यातलं एक घर. संध्याकाळचे साडेसात, फोन कोनाड्यात चार्जिंगला लावलेला. मेसेज वाजला. सातवीतल्या पोराने फोन उचलला आणि भाकरी थापणाऱ्या आईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचून दाखवला: ‘तुमची एचआयव्ही तपासणी बाकी आहे.’ ओट्यावर सासरा बसलेला, दीर नुकताच आलेला. मेसेज पाठवणारी मी. पुढे कित्येक महिने तिने माझा फोन उचलला नाही. मग एकदा आठवडी बाजारात समोर आली आणि एवढंच म्हणाली, “ताई, फोन मना नही ना.” म्हणजे, फोन माझा नाही ना.

आशाताई, समुपदेशक, संस्थेचे कार्यकर्ते, आपण सगळे फोनवरून आधार द्यायला निघतो आणि ठेच इथेच लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या जेमतेम 54 टक्के बायकांनी सांगितलं, की स्वतः वापरते असा मोबाइल आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींच्या बाबतीत तुमचा मेसेज आधी दुसऱ्याच्या हातात पडतो.

नंबर घेतला, पण फोन कुणाचा ते विचारलंच नाही

नोंदणीच्या वेळीच चार गोष्टी विचारा. फोन कुणाजवळ असतो? मेसेज कोण वाचतं? ती एकटी कधी असते? तुमचं नाव काय म्हणून सेव्ह करणार? खुणेचा शब्दही तिलाच ठरवू द्या. आम्ही हुशारी करून ‘बचत गटाची मीटिंग’ असा मेसेज ठरवला होता. पण गटाची मीटिंग कोणत्या तारखेला असते हे गावात नवऱ्यांनाही पाठ असतं! एकीने स्वतः सुचवलं, “शिवायला टाकलेलं ब्लाउज झालं का, असं विचारा.” ते वर्षभर चाललं.

मेसेजमध्ये आजाराचं नाव लागतंच असं नाही. केनियात 538 एचआयव्हीबाधित रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना दर आठवड्याला एकच शब्द जायचा: ‘मांबो?’, म्हणजे कसं काय? उत्तर ‘सावा’, ठीक आहे, किंवा ‘शिदा’, अडचण आहे. अडचण म्हणणाऱ्याला आणि दोन दिवस गप्प राहणाऱ्याला नर्स फोन करायची. मेसेज जाणाऱ्यांनी गोळ्या जास्त नियमित घेतल्या. आपल्याकडे ‘कशी शे माय?’ एवढं पुरतं. सातपुड्यात मात्र अहिराणीही चालत नाही. तिथे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईच्या आवाजातला निरोप लागतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर काढूच नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’वरही विसंबू नका, कारण काहीतरी पुसलं याची खूण मागे राहते आणि संशयी नवऱ्याला तेवढी बास होते. फोन पुरुषाने उचलला तर ‘राँग नंबर’ म्हणून ठेवा, खुलासा करत बसू नका. कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपवर तुमचा नंबर ‘एड्सवाली मॅडम’ म्हणून झळकतोय का, हेही दुसऱ्याच्या फोनवरून बघून घ्या. माझा झळकत होता.

“दारू पिता का?”

उत्तर ठरलेलं: नाही. ते खोटं असतंच असं नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची दारू पूजेत देवाला चढते, होळीला आणि लग्नात सगळ्यांसोबत घेतली जाते. तिच्या लेखी ती ‘दारू’ नसतेच. ‘मागच्या बाजारापासून आजपर्यंत काय काय घेतलं, किती जणी होतात, बाटली कोणती’ असं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची दारूची सवय तपासणारी दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी चांगली आहे, पण तिच्यातलं ‘एक ड्रिंक’ आपल्याकडे कुणी मोजत नाही. हिशोब असा: 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असेल तर ते साधारण 60 ग्रॅम भरतं. 10 ग्रॅमचं एक ड्रिंक धरलं तर सहा. मोहाच्या पहिल्या धारेची आणि नंतरच्या धारेची ताकद वेगळी, तिथे हा हिशोब बसत नाही. आणि बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे नवऱ्याइतकीच प्यायली तरी तिला जास्त चढते.

“आजपासून बंद!”

सर्वांत धोक्याचा मेसेज हाच. रोज भरपूर पिणारीने एकदम सोडली तर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का, हे आधी विचारा. हो म्हणाली तर तिला डॉक्टरकडे न्या, प्रेरणादायी सुविचार पाठवू नका. सासूने भाजीत गुपचूप ‘दारू सोडायचं औषध’ मिसळलं, असंही ऐकायला येतं. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूसोबत पोटात गेलं की त्रास होणारं औषध, असेल आणि वरून ती प्यायली, तर दवाखाना गाठावा लागेल. हे स्पष्ट सांगा.

एचआयव्हीचा धोका म्हणजे तिचं वागणं, असं धरून चालणं

दारूतून एचआयव्ही होत नाही. नशेत निरोध राहून जातो किंवा तिच्या ‘नको’ला कुणी जुमानत नाही, तिथे धोका असतो. म्हणून ‘सावध राहा’ म्हणण्यापेक्षा कुठे, कुणासोबत, परत कशी येणार, हे बोला. पिणारा तोच आणि मारणारा तोच असेल तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला तोंडपाठ करून द्या. तो लिहून ठेवायला लावू नका.

शनिवारी रात्री काही घडलं आणि तुमचं उत्तर सोमवारी दुपारी गेलं, तर चाळीस तास तिथेच संपले. संसर्ग टाळणारी औषधं 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. रविवारचा फोन कुणाकडे, हे कागदावर ठरवा. तुम्ही नसाल तेव्हासाठी 1097 ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आणि व्यसनमुक्तीसाठी 14446, दोन्ही मोफत.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, चालू असलेल्या बायका हमखास एक चूक करतात. “आज घेतली होती, म्हणून गोळी नाही घेतली.” दारू घेतली तरी गोळी घ्यायचीच. चुकलेली गोळी जास्त नडते. हे एकदा सांगून भागत नाही. होळीच्या आठवड्यात पुन्हा सांगा.

नंबर बंद लागतो, म्हणजे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, बऱ्याच गुजरातेत. तिकडे गेल्यावर सिम बदलतं किंवा रिचार्ज संपतं. म्हणून दसऱ्याच्या आधीच गाठा. दुसरा एक नंबर घ्या, शक्यतो माहेरचा. गोळ्या किती दिवसांच्या सोबत नेता येतील आणि तिकडचं जवळचं एआरटी केंद्र कोणतं, हे इथल्या केंद्रातून विचारून द्या. परतल्यावर तिने फक्त मिस्ड कॉल द्यायचा. साक्रीच्या त्या बाईचा असाच एक मिस्ड कॉल गेल्या वैशाखात आला, नव्या नंबरवरून. मी लगेच उलट लावला नाही. दुपारी बाराची वाट बघितली, कारण त्या वेळी ती एकटी असते हे आता माझ्या वहीत लिहिलेलं आहे.